बंडी घरची, बैल उसने

चामोर्शीच्या बाजूला कुण्या सुताराने नवी बंडी तयार केली की चार माणसे भोवती जमतात. कोणी चाक फिरवून पाहतो, कोणी जू हातात तोलतो, कोणी लाकूड सागाचे की बिजाचे याची चौकशी करतो. आणि मग एखादा म्हातारा हळूच विचारतो, "बैल कोणाचे हो?" या प्रश्नाने बाकी सगळी वाहवा थांबते. कारण बैल उसने असतील तर रोवणीच्या दिवसांत, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी, ते त्यांच्या मालकाच्या बांधीत असणार, हे सर्वांना ठाऊक असते.

वाचकहो, आपल्या देशाच्या लढाऊ विमानांचा इतिहास मला या म्हाताऱ्याच्या प्रश्नाभोवती सांगावयाचा आहे. वर्तमानपत्रांत विमानाचा वेग येतो, किंमत येते, क्षेपणास्त्रांची नावे येतात. बैलांची चौकशी क्वचितच होते.

आधी हा बैल कसा चालतो ते पाहू. जेट इंजिन पुढून हवा ओढते, ती दाबते, दाबलेल्या हवेत केरोसिनसारखे इंधन जाळते आणि तापून फुगलेला वायू मागे जोराने फेकते. वायू मागे, विमान पुढे. जाता जाता तोच वायू एक चक्र फिरवतो आणि त्या चक्रावर पुढचा हवा दाबणारा भाग चालतो. इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटलने १९३० साली या कल्पनेचे पेटंट मागितले. पण अशा इंजिनावर पहिले विमान उडाले ते जर्मनीत, २७ ऑगस्ट १९३९ रोजी. कल्पना अशी सोपी, शाळेतल्या पोरालाही समजावी. अडचण आहे ती धातूची. चक्राच्या पात्यांवर येणारा वायू आजच्या चांगल्या इंजिनात दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो, आणि पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात तो त्याआधीच वितळू लागतो. म्हणजे निखाऱ्यात मेणाची कांडी उभी ठेवायची आणि ती मिनिटाला हजारो फेऱ्यांनी गरगर फिरवायची, असा हा प्रकार! त्यासाठी पात्याच्या पोटात बारीक वाटा ठेवून त्यांतून त्यामानाने थंड हवा खेळवतात. शिवाय अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओततात. साधा धातू अनेक कणांचा असतो आणि उष्णतेत तो कणांच्या सांध्यावर तडकतो. सांधाच नसेल तर तडकायला जागा कमी.

आपल्या तालुक्यात कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला, सुरजागडच्या डोंगरातले खनिज तिथे येते. तेव्हा कोणाला वाटेल की आता विमानाचे इंजिनही दूर नाही. पण खनिजापासून लोखंड काढणे आणि एका स्फटिकाचे पाते ओतणे यांत बैलगाडी आणि आगगाडी इतके अंतर आहे. असली पाती ओतून पुरे लढाऊ इंजिन स्वतः घडवणारे देश हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच आहेत, आणि ते आपली विद्या कुणाला सहज देत नाहीत.

आता आपल्याकडचे पाहा. १९४८ साली भारतीय वायुदलात व्हँपायर हे पहिले जेट विमान आले, ते ब्रिटिश. १९५३ मध्ये फ्रान्सची तूफानी, १९५७ मध्ये तिथलीच मिस्टेअर आणि इंग्लंडची हंटर, त्यानंतर चिमुकले नॅट. नॅट आपण बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात परवान्यावर बांधलेही. त्याच कारखान्यात कोल्हापूरकडचे एक मराठी गृहस्थ होते, डॉ. विष्णु माधव घाटगे. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली ते हवेचे शास्त्र शिकून आले होते. त्यांनी आखलेले शिकाऊ विमान एचटी-२ हे १९५१ साली उडाले आणि जेटवर चालणारे किरण १९६४ साली. आपल्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे या दोन विमानांवर गिरवले. मात्र दोन्ही विमानांत बसवलेली इंजिने मूळची इंग्रजांचीच. घाटग्यांना हे कळत नव्हते असे थोडेच आहे! पण विमान आखायला थोडी वर्षे लागतात, इंजिनाला पिढी लागते.

खरी कसोटी लागली ती मारुतच्या वेळी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे नामांकित लढाऊ विमान आखणारे कुर्ट टँक यांना आपण १९५६ साली बोलावून आणले आणि ध्वनीच्या दुप्पट वेगापर्यंत जाईल असे विमान आखायला सांगितले. टँक यांच्या मनात एक विशिष्ट इंजिन होते, ब्रिस्टॉल कंपनीचे ऑर्फियस १२. त्याचा जोर, मागे जादा इंधन जाळून, सुमारे ३७०० किलो होणार होता. विमानात अशी दोन बसणार. पण ज्या विमानासाठी ते तयार होत होते त्याला युरोपात गिऱ्हाईक राहिले नाही. कंपनीने म्हटले, उरलेला खर्च भारताने सोसावा, म्हणजे आम्ही काम पुरे करू. आपण नाही म्हटले.

हा नकार मला नेहमी अडखळवतो. परकीय चलनाची तेव्हा टंचाई होती, हे खरे. धान्य बाहेरून आणावे लागत होते, हेही खरे. तरी दोन बैलांसाठी हात आखडून आपण अख्खी बंडी अडवून ठेवली, असेच मला वाटते.

मारुत १७ जून १९६१ रोजी उडाले ते साध्या ऑर्फियस ७०३ वर. एका इंजिनाचा जोर सुमारे २२०० किलो, दोहोंचा मिळून ४४००. हवे होते ७४००. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेले, डौलदार आणि निमुळते असे हे विमान सपाट उड्डाणात ध्वनीच्या वेगाच्या अलीकडेच राहिले. मग इंजिनासाठी दारोदार फिरणे सुरू झाले. रशियाकडे विचारणा झाली. इजिप्त त्या वेळी ऑस्ट्रियाच्या ब्रांडनर यांच्या हाताने एक इंजिन घडवत होता, म्हणून एक मारुत थेट तिकडे धाडले आणि १९६७ मध्ये ते त्या इंजिनावर उडालेसुद्धा. पण त्याच वर्षी इस्रायलशी युद्ध झाले आणि पुढे इजिप्तचा तो उद्योगच बारगळला. शेवटी आपल्याच लोकांनी ऑर्फियसला मागे जादा जाळ देण्याची सोय जोडून पाहिली. १० जानेवारी १९७० रोजी असे विमान घेऊन ग्रुप कॅप्टन सुरंजन दास बंगलोरला उडाले आणि उड्डाण घेतानाच विमान कोसळले. पहिले मारुत ज्यांनी आकाशात नेले होते तेच हे दास. त्या अपघातात ते गेले.

तरी १९७१ च्या लढाईत राजस्थानच्या आघाडीवर मारुतने जमिनीवरच्या हल्ल्यांचे काम चोख केले. एक इंजिन निकामी होऊन दुसऱ्यावर वैमानिक सुखरूप परतल्याचे प्रसंग आहेत. एकूण १४७ मारुते बांधली गेली. बंडी मजबूत होती, याबद्दल वाद नाही.

तिकडे पाकिस्तानला अमेरिकेकडून ध्वनीच्या दुप्पट वेगाची डझनभर स्टारफायटर मिळाली होती. आपल्याला थांबायला वेळ नव्हता. ऑगस्ट १९६२ मध्ये रशियाशी मिग-२१ चा करार झाला. रशियाने दोन गोष्टी कबूल केल्या ज्या पश्चिमेकडचे कोणी करायला तयार नव्हते : पैसे रुपयांत घेऊ, आणि कारखाना तुमच्या देशात उभारून देऊ. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, आणि नाशिकजवळ ओझरला मिगचा कारखाना आला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला, विजेची उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी होती. द्राक्षांच्या त्या मुलखात शेतकऱ्यांची पोरे पत्रे कापायला, रिव्हेट ठोकायला शिकली. त्यांच्या मुलांनी पुढे सुखोई जोडली.

तुम्ही म्हणाल, कोरापुटला इंजिन होत होते, मग बैल घरचेच झाले की! नाही. परवान्यावर करणे म्हणजे दुसऱ्याने लिहून दिलेल्या कृतीवरून पदार्थ रांधणे. किती वेळ शिजवायचे ते कळते. तेवढाच वेळ का, हे कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय कृती बदलता येत नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला. एकाच देशाच्या दुकानातून येणारे सुटे भाग आता वेगवेगळ्या देशांतून मागवावे लागले, आणि वायुदलाची त्रेधा उडाली, ती याचमुळे.

मिगने मोठी सेवा दिली. १९७१ मध्ये दिली, कारगिलमध्ये दिली. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलेले आकडे असे : घेतलेल्या ८७२ मिग जातीच्या विमानांपैकी ४८२ अपघातांत सापडली, १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर सेवांमधील ८ माणसे दगावली. यातला प्रत्येक अपघात इंजिनाचा नव्हे. पक्षी, चूक, जुनेपणा, शिकाऊ जेट विमानांची टंचाई, अशी कारणे अनेक. परंतु मिग-२१ ला इंजिन एकच. ते बंद पडले आणि पुन्हा पेटले नाही, तर वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकून घेण्याला फार थोडा वेळ उरतो. नवे विमान वेळेवर आले नाही म्हणून जुने चालवत राहिलो, याची किंमत या आकड्यांत आहे. अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला, जिथे ते प्रथम दाखल झाले तिथेच, मिग-२१ ला निरोप दिला गेला. बासष्ट वर्षे! मंजूर तुकड्या ४२, आणि त्या दिवशी उरल्या २९.

आता मिगची जागा घेणारे तेजस. १९८३ मध्ये संकल्प झाला, ४ जानेवारी २००१ रोजी पहिले उड्डाण. त्याच्यासाठी कावेरी नावाचे देशी इंजिन बंगलोरच्या संशोधन संस्थेत घडवले जात होते. तोवर चालवायला म्हणून अमेरिकेचे एफ-४०४ आणले. १९९८ मध्ये पोखरणचा स्फोट झाला, अमेरिकेने निर्बंध घातले आणि काम रखडले. कावेरी ठरलेला जोर देईना आणि वजनही जास्त भरले. २००८ मध्ये तिची तेजसपासून फारकत झाली. तात्पुरते आणलेले बैल कायमचे झाले. २०२१ मध्ये तेजसच्या नव्या जातीची ८३ विमाने मागवली आणि त्यांच्यासाठी ९९ इंजिनांचा करारही झाला. पहिले इंजिन हाती पडले मार्च २०२५ मध्ये. दरम्यान विमानांचे सांगाडे इंजिनाची वाट पाहत राहिले. म्हाताऱ्याचा प्रश्न आठवला ना?

तुलनेसाठी जोराचे आकडे देतो. मिग-२१ च्या शेवटच्या जातीचे एक इंजिन सुमारे ७ टन, तेजसचे एक साडेआठ टन, फ्रान्सच्या राफेलची दोन प्रत्येकी साडेसात टन, ओझरच्या सुखोईची दोन प्रत्येकी साडेबारा टन. पण नुसता जोर पाहून बैल घेऊ नये. किती तास चालल्यावर खोलून दुरुस्त करावे लागते, हे पाहावे. बैल थकतो, बंडी टिकते. एका सुखोईच्या आयुष्यात इंजिने अनेकदा बदलतात. म्हणूनच सप्टेंबर २०२४ मध्ये फक्त सुखोईच्या २४० इंजिनांसाठी २६,००० कोटींहून अधिक रुपयांचा करार झाला. ती कोरापुटलाच होतील. विमान घेताना छापलेली किंमत ही नुसती सुरुवात असते, हे यावरून ध्यानात यावे.

सप्टेंबर २०२५ मध्ये तेजसच्या आणखी ९७ विमानांची मागणी नोंदली गेली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेले पहिले तेजस उडाले, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच अमेरिकन कंपनीशी आणखी ११३ इंजिनांचा करार झाला. पुढच्या पिढीच्या विमानासाठी फ्रान्सच्या सफ्रान कंपनीबरोबर इंजिन भारतातच घडवण्याचे बोलणे आहे. त्यात पात्याची विद्या खरोखर मिळते की पुन्हा नुसती कृती, ते करारातली बारीक अक्षरे सांगतील. आणि ती जुनी कावेरी? ती मोडीत निघालेली नाही. मागचा जादा जाळ काढून टाकून, वैमानिकाविना उडणाऱ्या विमानासाठी तिला तयार केले जात आहे, आणि उंचीवरच्या चाचण्यांसाठी तिला रशियाला न्यावे लागते, कारण तसे चाचणीचे साधन अजून आपल्या घरी नाही.