कळंबोलीच्या पुढचा नाश्ता

मुंबईहून पुण्याला जाताना वाटेत कोठे खावे, हा प्रश्न नवी मुंबईतील कळंबोलीतच सोडवावा लागतो. येथून सुरू होणारा यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. सुमारे ९५ किलोमीटरच्या या मार्गावर प्रवेश नियंत्रित असल्याने मनाला येईल तेथे गाडी थांबवता येत नाही. थांबायचे ते खालापूरसारख्या ठिकाणच्या फूड मॉलमध्ये. तेथे साखळी उपाहारगृहांची ठरावीक चव, प्रशस्त वाहनतळ आणि (मुलाबाळांसह निघालेल्यांना वड्याहून मोलाची) स्वच्छतागृहे मिळतात.

जुन्या महामार्गावर पळस्प्याचे 'दत्त स्नॅक्स', खोपोलीतील 'रमाकांत'चा वडा ही नावे घाटापूर्वीच्या विसाव्याशी जोडलेली आहेत. रहदारी वळली की रस्त्याकडेच्या हॉटेलाचे गिऱ्हाईक तुटते. साखळीला दुसरीकडे शाखा काढता येते; एकट्या मालकाला ते क्वचितच परवडते. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने दुचाकीस्वारांच्या वाट्याला जुनाच रस्ता येतो. न्याहारीपुरते तरी ते तोट्यात नाहीत. मोटारीने जाणाऱ्यांनाही खोपोलीपर्यंत जुन्या रस्त्याने येऊन पुढे द्रुतगती मार्ग धरता येतो.