ऐन दिवाळीतले रण

दिवाळी आली की मराठी घरातली पोरे अंगणात माती-दगड रचून किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, माथ्यावर महाराजांना बसवतात आणि पायथ्याशी मावळे मांडतात. समोर शत्रू असतो तो परका. मावळ्याच्या समोर मावळाच उभा केलेला किल्ला मी तरी अजून पाहिलेला नाही. इतिहासाने मात्र तो डाव एकदा खराखुरा मांडला, आणि तोही ऐन दिवाळीत. ती तारीख २५ ऑक्टोबर १८०२, आणि स्थळ पुण्याच्या पूर्वेचा हडपसर-वानवडीकडचा माळ.

आम्ही डोलवीकर खारेपाटातली माणसे. एका अंगाला धरमतरची खाडी, आणि पूर्वेला नजर टाकावी तर सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीच्या पायथ्याशी, खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत, २ फेब्रुवारी १६६१ रोजी महाराजांनी कारतलबखानाला गाठले, ही कथा आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्याच भिंतीपलीकडे १४१ वर्षांनी मराठ्यांचीच दोन सैन्ये एकमेकांवर तुटून पडली, याची आठवण सहसा कोणी काढत नाही.

वैराचे मूळ जुने होते. उत्तरेतल्या सत्तेवरून शिंदे-होळकरांत चुरस चालत आलेली होती, आणि १७९३ साली लाखेरीच्या डोंगरखिंडीत दोन्ही घराण्यांच्या फौजा एकमेकींशी भिडल्याही होत्या. तरीसुद्धा १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईला शिंदे, होळकर, भोसले असे सारे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली निजामावर चालून गेले. मराठी दौलत एकत्र लढली ती तेव्हा शेवटची.

पुढच्या सात वर्षांत सारेच बिघडले. १७९७ साली तुकोजी होळकर वारले. वारसाचा तंटा पेटला आणि दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्यातच मल्हारराव होळकरांना ठार केले. त्यांचा तान्हा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या हाती सापडला. १८०० मध्ये नाना फडणीस गेले आणि सावरणारा शेवटचा हात नाहीसा झाला. १८०१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिले. विठोजी हे यशवंतरावांचे सख्खे भाऊ. त्याच वर्षी यशवंतरावांनी उज्जैनीला शिंद्यांच्या फौजेची दाणादाण उडवली, तर शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले. अशा रीतीने एका राज्याचे दोन हात एकमेकांची बोटे तोडीत होते.

१८०२ मध्ये यशवंतराव दक्षिणेत उतरले. खंडेरावाला सोडा आणि आमच्या घराण्याचा हक्क मान्य करा, ही त्यांची मागणी. बाजीराव वाटाघाटीचे शब्द बोलत राहिले, पण पदरात काही पडू दिले नाही. ऑक्टोबरच्या आरंभी बारामतीजवळ पेशव्यांची फौज मोडली आणि पुण्याची वाट मोकळी झाली.

आता ही दोन सैन्ये जरा न्याहाळून पाहा, वाचकहो. पेशव्यांच्या बाजूला शिंद्यांचे सरदार सदाशिवराव भास्कर बक्षी. त्यांच्यापाशी द बॉइनच्या तालमीत तयार झालेली पायदळाची पलटणे, आणि त्यांवर डॉज नावाचा गोरा अंमलदार. समोर यशवंतरावांचे मोठे घोडदळ. त्यांच्याही कवायती पलटणांवर व्हिकर्स, हार्डिंग, आर्मस्ट्राँग हे गोरेच. दोन्हीकडे तीच कवायत, तशाच तोफा, पगारावर ठेवलेले तसलेच परके सेनापती. आणि रण माजले ते वानवडीच्या आसमंतात, जिथे महादजींनी आठ वर्षांपूर्वीच देह ठेवला होता.

सकाळी तोफा सुरू झाल्या. शिंद्यांच्या पायदळाने चिवट झुंज दिली. होळकरांचे घोडदळ एकदा मागे रेटले गेले, तेव्हा स्वतः यशवंतराव पुढे झाले, पांगलेल्यांना आवरून तोफांवर तुटून पडले, आणि जखमी होऊनही हटले नाहीत. डॉज पडला. होळकरांकडचा हार्डिंगही पडला. शिंद्यांचे पायदळ मोडले आणि पेशव्यांची बाजू संपली.

श्रीमंत पेशवे मात्र रणाच्या बाहेरच होते. निकाल दिसताच त्यांनी सिंहगड गाठला, आणि तिथून घाट उतरून ते आमच्या कोकणात आले. रायगड, महाड, मग सुवर्णदुर्ग. ज्या रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला, त्याच्या आश्रयाला त्यांच्या दौलतीचा पंतप्रधान आपल्याच सरदाराच्या भीतीने यावा, याहून बोचरे दृश्य इतिहासात विरळाच. पुढे इंग्रजी जहाजातून, आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोरून, ते वसईला पोचले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तिथे तह झाला. किमान ६,००० इंग्रजी पायदळ पदरी ठेवायचे, त्याच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि परराज्यांशी बोलणे इंग्रजांच्या संमतीनेच करायचे. लढाई यशवंतरावांनी जिंकली, आणि राज्य इंग्रजांनी.

यशवंतरावांनी पुण्याच्या गादीवर अमृतरावांच्या मुलाला, विनायकरावाला बसवण्याचा घाट घातला, पण तो टिकला नाही. त्यांच्या फौजेचा खर्च पुणेकरांच्या तिजोऱ्यांतून वसूल झाला. मे १८०३ मध्ये बाजीराव इंग्रजी संगिनींच्या आधाराने परतले. सप्टेंबरात असईला शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर दूर राहिले. १८०४ मध्ये होळकर लढले तेव्हा शिंदे थकलेले होते. अन् दक्षिणेतल्या रयतेच्या वाट्याला काय आले? फौजांनी तुडवलेली शेते, वर हुकलेला पाऊस, आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ.

दोष कोणा एकाला देऊन मोकळे होणे सोपे आहे. बाजीरावांचा भ्याडपणा, दौलतरावांचा हट्ट आणि यशवंतरावांचा संताप यांपैकी खोटे काहीच नाही. भावाला तसे मरण आलेल्या माणसाला क्षमेचे धडे द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण हत्तीच्या पायी जो दिला गेला तो एकटा विठोजी नव्हता. आपसातल्या तंट्यात न्याय देणारे घरात कोणी उरले नाही, म्हणजे घराचा न्याय बाहेरचा करतो, आणि तो आपला मोबदला मुलखात घेतो.

यंदा पोरांनी किल्ला केला की मावळे त्यांना हवे तसे मांडू द्या. मात्र शेजारी बसून उंबरखिंडीबरोबर हडपसरही सांगा. पहिल्या गोष्टीने त्यांची छाती फुगेल. दुसरीने ती थोडी दुखेल, आणि मोठी होताना तिचाच उपयोग अधिक होईल.