आधीं भूमीची ओळख, मग शाळेचा पाया
(शिरूर अनंतपाळ व आसपासच्या मुलखांतील शाळागृहांच्या इतिहासावरून)

धर्मग्रामाचा ज्युबिली महोत्सव म्हणजे मागें वळून पाहण्याचा प्रसंग होय. अशा वेळीं आपण देवाचे उपकार आठवतों, पूर्वजांच्या कष्टांचें स्मरण करतों आणि पुढील पिढीसाठीं कांहीं उभारावें असा संकल्प सोडतों. ख्रिस्ती समाजांत हा संकल्प बहुधा शाळेचा असतो. ख्रिस्तमंदिराच्या शेजारीं शाळा असावी, ही आपली जुनी रीत. परंतु संकल्प आणि इमारत ह्यांच्यामध्यें एक पायरी असते व उत्साहाच्या भरांत तिच्याकडे दुर्लक्ष होतें. ती पायरी म्हणजे पूर्वचौकशी. जमीन कशी आहे, पाणी कोठें आहे, मुलें किती आहेत, शिक्षक कोण मिळणार, आणि पैसा कोठवर पुरणार, हें सारें आधीं पाहणें. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा प्रभु येशूनें दिलेला दाखला आपण सर्वांनीं ऐकलेला आहे. खर्चाचा हिशेब न करतां पाया घालणारा मनुष्य लोकांच्या हंशाचा विषय होतो, असा त्याचा आशय. लातूर जिल्ह्यांत मात्र पूर्वचौकशीच्या अभावाची किंमत हंशानें नव्हे, तर अश्रूंनीं द्यावी लागली. तोच इतिहास येथें सांगावयाचा आहे.

शिरूर अनंतपाळ हें आज लातूर जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. घरांत मराठी आणि वरच्या शिक्षणांत उर्दू, अशी येथील मुलांची स्थिति होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच होतें. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. खेड्यांत शाळा असलीच तर ती देवळाच्या ओवरींत, मठांत, चावडींत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवींत भरे. गुरुजी जेथें बसले तेथें शाळा, असा तो काळ. १९२१ सालीं हिप्परगा येथें राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ तेथें मुख्याध्यापक झाले, आणि १९३५ सालीं ते व त्यांचे सहकारी मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस गेले. त्या पिढीनें भिंतींपेक्षां माणसांवर अधिक भर दिला. शाळागृहाचा प्रश्न तिच्यापुढें फारसा आलाच नाहीं.

तो प्रश्न पुढें आला स्वातंत्र्यानंतर. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या आणि प्राथमिक शिक्षणाचा भार त्यांनीं उचलला. आतां गांवोगांव शाळा हवी होती, आणि तीही लवकर हवी होती. अशा घाईच्या दिवसांत जी जागा फुकट मिळाली तीच बहुधा शाळेच्या वांट्यास आली. गायरान, ओढ्याचा कांठ, शेतीस निरुपयोगी असा तुकडा, अथवा कोणा दात्यानें पुण्यबुद्धीनें दिलेली जमीन. दात्याचा हेतु निर्मळ असे, पण हेतूच्या निर्मळपणानें जमीन घट्ट होत नाहीं. इमारतीसाठीं गांवाजवळचें साहित्य तेवढें मिळे, म्हणजे काळा दगड, माती आणि लांकूड. गवंडी बांधावयाचा तो आपल्या बापाच्या हातावरून शिकलेलाच. घर, देऊळ आणि शाळा ह्यांच्या बांधणींत फारसा भेद नसे.

ह्या बांधणीचें स्वरूप जाणून घेणें अवश्य आहे. मराठवाड्यांतील जुन्या घराची भिंत दोन ते तीन फूट, कधीं त्याहूनही जाड असे. बाहेरून व आंतून दगडांचे दोन थर, मध्यें माती व बारीक दगडांची भर. दोन्ही थरांस एकत्र बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर लांकडी तुळयांवर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत असें घर थंड राही, म्हणून लोकांस तें प्रिय होतें. त्यांत दोष असा कांहीं आहे, हें कोणास कळावयाचेंही कारण नव्हतें. दख्खनचें पठार म्हणजे अचल भूमि, अशी विद्वानांचीही समजूत होती. १९८४ च्या भारतीय मानकांतील नकाशानें किल्लारीचा परिसर भूकंपाचें भय सर्वांत कमी अशा पहिल्या वर्गांत दाखविला होता.

आणि तरीही भूमीनें पूर्वसूचना दिली होती. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या आसपास धक्के बसूं लागले. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का विशेष मोठा होता. लोक भयानें घराबाहेर निजूं लागले. पुढें धक्के विरळ झाले आणि लोक पुन्हां माळवदाखालीं आले. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर गांवें गाढ झोपेंत असतां, ६.२ प्रतीचा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, राजेगांव अशीं गांवें क्षणार्धांत ढिगारा झालीं. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसें दगावलीं. त्यांतील पुष्कळ मुलें होतीं. तीं शाळेंत नव्हतीं, घरीं आईच्या कुशींत होतीं. हाच भूकंप सकाळीं अकरा वाजतां झाला असता तर शाळांचें काय झालें असतें, हा विचार शहारे आणणारा आहे. १९९३ सालीं जें टळलें तें गुजरातेंत २६ जानेवारी २००१ रोजीं घडलें. प्रजासत्ताकदिनीं सकाळीं पावणेनऊच्या सुमारास भूमि हादरली, आणि त्या भूकंपांत नऊशेंहून अधिक विद्यार्थी मृत्युमुखीं पडले.

किल्लारीनंतर राज्य सरकारनें जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यानें पुनर्वसनाचें मोठें कार्य हातीं घेतलें. ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, २२ गांवें जागच्या जागीं पुन्हां बांधण्यांत आलीं, आणि सुमारें १ लक्ष ९० हजार घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचें ठरलें. देशोदेशींच्या सेवाभावी संस्था धांवून आल्या, आणि आपल्या कॅथॉलिक समाजाची कारितास इंडिया ही संस्थाही त्या मदतकार्यांत होती. ह्या कार्यांत शाळा, समाजमंदिरें व दवाखाने ह्यांचाही समावेश होता. पूर्वचौकशी म्हणजे काय, हें मराठवाड्यास प्रथम ह्याच वेळीं मोठ्या प्रमाणावर दिसलें. नव्या गांवठाणासाठीं जमीन पाहणें, मातीची परीक्षा करणें, पाण्याची सोय तपासणें, नकाशा लोकांपुढें मांडणें, असा क्रम लागला.

तथापि हा इतिहास निव्वळ यशाचा नाहीं. जेथें चौकशी यंत्राची झाली पण माणसाची झाली नाहीं, तेथें चुका राहून गेल्या. कित्येक नव्या वसाहती रुंद सरळ रस्त्यांच्या व आंखीव चौकोनांच्या झाल्या. शेतें दूर पडलीं, वाड्याचें अंगण हरवलें, गुरांना जागा उरली नाहीं. भक्कम बांधलेल्या खोल्यांत लोक कडबा व धान्य ठेवूं लागले. ह्याच्या उलट दुरुस्तीच्या कार्यांत स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या पुढाकारानें गांवोगांवच्या स्त्रिया संवाद-साहाय्यक झाल्या. आरपार दगड कोठें घालावा, जोत्याच्या व दारांवरील पातळीस पट्टा कां हवा, हें त्यांनीं स्वतः शिकून घेतलें व शेजारणींस शिकविलें. ज्याचें घर त्यास विचारलें तर काम टिकतें, हा धडा त्यांनीं घालून दिला. भूगर्भशास्त्रानेंही आपली समजूत दुरुस्त केली. २००२ च्या सुधारित मानकांत किल्लारीचा परिसर तिसऱ्या वर्गांत गेला.

ह्याच सुमारास आणखी एक उपक्रम ह्या भागांत आला. १९९४ सालीं जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रांत त्याच्या पहिल्या टप्प्यांत निवडलेल्या पांच जिल्ह्यांत लातूर व नांदेड हे दोन्ही होते. ह्या कार्यक्रमाचा एक नियम मननीय आहे. प्रथम जिल्ह्याची पाहणी करावी, कोणत्या वस्तींतील मुलें व मुली शाळेबाहेर आहेत तें शोधावें, आणि मग योजना आंखावी. शिवाय एकंदर खर्चापैकीं बांधकामावर शेंकडा २४ हून अधिक खर्च करावयाचा नाहीं, असें बंधन होतें. इमारतीनें शाळा खाऊन टाकूं नये, हा त्यामागील हेतु स्पष्ट आहे.

आपल्या मिशनच्या इतिहासांतही ह्यास जोडणारें एक उदाहरण आहे. अहमदनगर जिल्ह्यांत जर्मन येशूसंघी धर्मगुरूंनीं खेड्यापाड्यांतून शाळा चालविल्या. त्यांच्यापैकींच फादर हेन्री डोरिंग ह्यांनीं १९०३ सालीं ‘निरोप्या’ मासिक सुरू केलें. पहिल्या महायुद्धांत ह्या धर्मगुरूंना ब्रिटिश सरकारनें नजरकैदेंत ठेवून पुढें मायदेशीं धाडलें. इमारती जागच्या जागीं राहिल्या, शिक्षक व चालक मात्र गेले. ज्या शाळेचा सारा भार परक्या हातांवर असतो तिच्यावर केव्हां कोणता प्रसंग ओढवेल हें सांगतां येत नाहीं. म्हणून पूर्वचौकशींत जमिनीइतकाच माणसांचाही विचार यावा.

आतां ह्या इतिहासावरून, शाळा बांधूं इच्छिणाऱ्या कोणत्याही धर्मग्रामास उपयोगी पडतील असे कांहीं प्रश्न मांडतों.

पहिला प्रश्न भूमीचा. लातूर-नांदेडची काळी माती कापसास व तुरीस माउली आहे, पण पायास सावत्र आई. पावसांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावरील भिंत तडकते. यास्तव जागा पक्की करण्यापूर्वीं चार कोपऱ्यांस व मधोमध खड्डे घेऊन मुरूम अथवा खडक किती खोल लागतो तें पाहावें. शेजारच्या विहिरींचे कांठ पाहिले तरी पुष्कळ कळतें. काळी खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें सुचविलेले, तळाशीं फुगीर केलेले खांब घालतां येतात, पण त्याचा खर्च आधींच हिशेबांत धरला पाहिजे. वैशाखांत पाहिलेली जागा श्रावणांत पुन्हां पाहावी. ओढ्याचें पाणी कोठवर येतें हें गांवांतील म्हाताऱ्या माणसास नकाशाहून अधिक ठाऊक असतें.

दुसरा प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातूरास आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. ज्या जिल्ह्यानें हें पाहिलें, त्यानें पाण्याची खात्री केल्यावांचून शाळेची कोनशिला बसवूं नये. मुलींच्या शौचालयांत पाणी नसेल तर मोठ्या मुली शाळा सोडतात. छपरावरील पाणी सांठविण्याची टांकी मूळ आराखड्यांतच असावी.

तिसरा प्रश्न मुलांचा. पट केवळ एका दिवशीं मोजूं नये. दिवाळीनंतर मराठवाड्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात व उन्हाळ्यांत परततात. त्यांचीं मुलें श्रावणांत वर्गांत दिसतात, पौषांत दिसत नाहींत. २०१७ सालीं राज्य सरकारनें दहांहून कमी पट असलेल्या सुमारें १३०० शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचें ठरविलें, तेव्हां अनेक वस्त्यांत खळबळ उडाली. जी शाळा आज बांधावयाची तिच्यांत पंधरा वर्षांनीं कोण बसणार, हें जन्माच्या नोंदींवरून व स्थलांतरावरून ताडून पाहावें. एक किलोमीटरच्या आंत प्राथमिक व तीन किलोमीटरच्या आंत उच्च प्राथमिक शाळा असावी, असा महाराष्ट्राचा नियम आहे. जवळ चांगली शाळा असेल तर दुसरी बांधण्यापेक्षां वसतिगृह अथवा अभ्यासिका काढणें अधिक पुण्याचें ठरेल.

चौथा प्रश्न सुरक्षिततेचा. १६ जुलै २००४ रोजीं तामिळनाडूंतील कुंभकोणम् येथें शाळेस आग लागून ९४ बालकें मृत्यु पावलीं. त्या दुर्घटनेनंतरच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. दुसरा जिना, बाहेर उघडणारें दार, पांगळ्या मुलासाठीं उतार, हे श्रीमंती थाट नव्हेत.

पांचवा प्रश्न पैशाचा. इमारतीच्या खर्चापुढें एक ओळ सोडून देखभालीचा, शिक्षकांच्या वेतनाचा व दुरुस्तीचा खर्च लिहावा. ती ओळ भरतां येत नसेल तर इमारत लहान करावी. दोन खोल्या पक्क्या बांधून तिसरीसाठीं पाया राखून ठेवणें, हें चार खोल्या अर्धवट टाकण्याहून शहाणपणाचें आहे.

कोणी म्हणेल, एवढी चौकशी करीत बसलों तर शाळा होणार केव्हां? त्यास उत्तर किल्लारीच्या ढिगाऱ्यांनीं दिलें आहे. चौकशीस कांहीं महिने व थोडा पैसा लागतो. ती न केल्यास जें जातें तें कोणत्याही वर्गणीनें परत येत नाहीं. गरिबाचे चार पैसे देणगीच्या पेटींत पडतात, ते आपल्या हातीं ठेव म्हणून येतात. गरिबाचें मूल आपल्या छपराखालीं येऊन बसतें, तें त्याहून मोठी ठेव होय. ह्या दोन्ही ठेवींचा हिशेब आपणांस एके दिवशीं द्यावयाचा आहे.

ज्युबिलीच्या ह्या पुण्यपर्वीं आपल्या हातून जी शाळा उभी राहील, तिचा पाया खडकावर असो, तिच्या रांजणांत चैत्रांतही पाणी असो, आणि तिच्या वर्गांत ऊसतोडीहून परतलेल्या मुलासही जागा असो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.