गुप्तधनाचा शोध आणि स्थळाची साक्ष : दायमाबादच्या निमित्ताने

भूमिगत धनाच्या मागे लागलेला मनुष्य आणि पुरातत्त्वाचा अभ्यासक हे दोघेही बहुधा एकाच प्रकारच्या स्थळांकडे वळतात, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी लक्षात घेतली जात नाही. महसुली दप्तरात 'बेचिराग' म्हणून नोंदलेली गावे, नदीकाठची पांढरीची टेकाडे, घाटमार्गांच्या तोंडाशी असलेल्या ओसाड वस्त्या, जुन्या गॅझेटियरांतील नाणी सापडल्याचे उल्लेख : ही साधने दोघांचीही आहेत. पायाळू माणसाला जमिनीतील हंडा दिसतो, अशी आपल्या खेड्यापाड्यांतील समजूत. आता त्याच्या जोडीला धातुशोधक यंत्र आले आहे. तथापि ते कोठे फिरवावे, हे यंत्र सांगत नाही. ते कागदपत्रांच्या व भूमीच्या वाचनातूनच ठरते. दोघांच्या वाटा वेगळ्या होतात त्या वस्तू हाती लागल्यानंतर.

या दृष्टीने प्रवरेकाठच्या दायमाबादचे उदाहरण उद्बोधक आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हे स्थळ १९५८ मध्ये बो. प. बोपर्डीकर यांनी उजेडात आणले व तेथे उत्खननही झाले. पुढे १९७४ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना बैलगाडीवजा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार भरीव शिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक आहे. शोध योगायोगाचा होता, त्यात कोणाचाही लोभ नव्हता. परंतु शिल्पे कोणत्या थरात, कोणत्या मृद्भांडांसमवेत होती, हे पाहण्यापूर्वीच ती जमिनीबाहेर आली. एस. आर. राव यांनी नंतर तेथे उत्खनन केले आणि ती उत्तर हडप्पाकालीन मानली गेली, म. के. ढवळीकरांचा कल याच बाजूला होता. उलट धातूतील आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक असल्याचे दाखवून डी. पी. अगरवाल यांनी या कालनिश्चितीविषयी शंका घेतली. हा वाद धातूच्या रासायनिक पृथक्करणावर आणि शैलीवर लढवावा लागला, याचे कारण थराची प्रत्यक्ष साक्ष उरली नव्हती हेच होय.

नाण्यांच्या बाबतीत हानी थोडी कमी होते, कारण नाणे स्वतःच बोलते. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा संचय मिळाला. त्यांपैकी सुमारे नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटविले होते. क्षहरातांच्या पराभवाचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल. पण हा संचय कोणी व का पुरला, हे एकट्या नाण्यांवरून सांगता येत नाही.

इंग्लंडमधील सफोक परगण्यातील होक्सन येथे १९९२ मध्ये शेतात हरवलेला हातोडा शोधताना रोमन काळातील सुमारे पंधरा हजार नाणी व दागिने सापडले. शोधकाने खणणे थांबवून वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशी तज्ज्ञांनी उत्खनन केल्यामुळे लाकडी पेटी, तीतील लहान डबे आणि चांदीची कुलुपे यांची मांडणी जुळविता आली. शोधकाला साडेसतरा लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले. या औदार्यामागे व्यवहारही आहे : वर्दी देणे फायद्याचे असले, तरच लोक थांबतात.

आपला भारतीय निखात निधी अधिनियम मात्र १८७८ चा आहे. त्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. शासनाने तो संपादित केल्यास मोबदला द्यावयाचा तो धातूचे मूल्य अधिक त्याचा एक पंचमांश, इतकाच. म्हणजे जोगलटेंभीचे नाणे कायद्याच्या लेखी चांदीच्या भावाहून थोडेसेच महाग! सराफाच्या मुशीशी स्पर्धा करावयाची, तर हा हिशेब अपुरा आहे. शिवाय त्यात स्थळ अबाधित ठेवणाऱ्याला वेगळे असे काहीच नाही. निधी जागीच ठेवून वर्दी देणारा आणि उकरून घेऊन येणारा, दोघांच्याही पदरात तोच एक पंचमांश पडतो.