पिवळी शेवंती (पुणे परिसरातील लागवड)

पिवळी शेवंती ही सूर्यफूल कुलातील (ॲस्टरेसी, जुने नाव कंपॉझिटी) बहुवर्षायू, बुंध्याशी काष्ठमय होणारी झुडूपवजा वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव क्रिसॅन्थेमम मोरिफोलियम असे आहे. कडक हिवाळ्याच्या देशांत हिमतुषाराने या झाडाचा जमिनीवरील भाग मरतो आणि वसंतात मुळांजवळून नवे धुमारे फुटतात. पुण्यात तापमान गोठणबिंदूखाली उतरत नसल्याने ते वर्षभर हिरवे राहते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील हे शहर, तेथील कोरडा व सौम्य हिवाळा आणि थंड रात्री शेवंतीला मानवतात. येथे तिची खरी परीक्षा पावसाळा घेतो. पुणे जिल्ह्यातील हवेली, दौंड व पुरंदर या तालुक्यांत ती शेतात घेतली जाते, आणि शहरातील अंगणांत, गच्च्यांवर व सज्जांतील कुंड्यांतही ती पूर्वापार आहे.

नाव आणि वर्गीकरण

मराठीतील ‘शेवंती’ हा शब्द आणि हिंदीतील ‘सेवती’ हा शब्द एकाच घराण्यातले असले तरी ते एकाच फुलाचे वाचक नाहीत. हिंदीत सेवती म्हणजे पांढऱ्या गुलाबाचा एक प्रकार. आपल्या शेवंतीला तिकडे ‘गुलदाउदी’ म्हणतात. जुने ग्रंथ वाचताना विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा, कारण संस्कृत ‘सेवन्ती’चा अर्थ प्रत्येक ठिकाणी शेवंती असाच घेतल्यास घोटाळा होतो.

‘क्रिसॅन्थेमम’ या ग्रीक शब्दाचा अर्थ सोनेरी फूल असा आहे. म्हणजे नावापुरती तरी पिवळी शेवंती हीच मूळ शेवंती होय. लिनीयस यांनी १७५३ मध्ये या प्रजातीतील एका जातीला ‘इंडिकम’ हे विशेषण दिले. परंतु शेवंतीचे मूळ घर भारत नसून चीन आहे. तेथे ती फार प्राचीन काळापासून लागवडीत आहे. चीनमधून ती जपानात गेली आणि तेथील सम्राटाच्या सोळा पाकळ्यांच्या राजचिन्हात जाऊन बसली. आजच्या बागेतील शेवंती अनेक जातींच्या संकरातून निर्माण झाली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला ‘डेन्ड्रॅन्थेमा’ या प्रजातीत नेले होते, म्हणून त्या काळातील पुस्तकांत ते नाव आढळते. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर जुने नाव पुन्हा अधिकृत झाले. बागायतदारांनी मधल्या काळात नाव बदललेच नव्हते, त्यामुळे त्यांचे काही अडले नाही.

वर्णन

झाड साधारणपणे ४५ ते ९० सेंटिमीटर उंच वाढते. पाने एकाआड एक, खोल दंतुर खंडांची, खालून लवदार असून चुरगळल्यास त्यांना उग्र वास येतो. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते वस्तुतः अनेक लहान पुष्पकांचा स्तबक (फुलोरा) असते. कडेची जिभेसारखी पुष्पके ही किरण-पुष्पके आणि मध्यभागातील नळीसारखी ती बिंब-पुष्पके. एकेरी शेवंतीत मधले बिंब स्पष्ट दिसते. भरगच्च दुहेरी शेवंतीत किरण-पुष्पकांची संख्या वाढून ते झाकले जाते. पाकळी उपटून तिच्या बुडाशी पाहिल्यास प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र फूल असल्याचे भिंगातून सहज ओळखता येते. शाळेत दाखविण्यास यासारखे सोपे उदाहरण दुसरे नाही.

वाण

महाराष्ट्रात पूर्वीपासून चालत आलेल्या वाणांत पिवळ्या रंगाच्या झिपरी, सोनाली तारा व पिवळी रेवडी यांची नावे घेतली जातात. पांढऱ्यांमध्ये राजा, पांढरी रेवडी व बग्गी ही नावे परिचित आहेत. पुण्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय असून शेवंती हा तेथील संशोधनाचा एक विषय आहे.

शेवंतीच्या वाणाबाबत एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ही वनस्पती बहुगुणित गुणसूत्रांची आहे (बहुतेक वाणांत ५४) आणि सहसा स्वतःच्या परागाने बी धरत नाही. त्यामुळे बियांपासून उगवलेले रोप आईसारखे निघत नाही. झिपरीची झिपरीच हवी असेल तर त्याच झाडाच्या काश्या किंवा छाटकलम लावावे लागते. म्हणजे वाण जिवंत राहतो तो केवळ कोणीतरी दरवर्षी न चुकता त्याच्या काश्या राखल्या म्हणून. एका वर्षी सर्वांनी ते करायचे सोडले तर तो वाण संपला. बियांच्या डबीतून त्याला परत आणता येत नाही. घरोघरी शेजारणीने शेजारणीला काश्या देण्याची जी पद्धत होती तिनेच जुन्या वाणांचे जतन केले. आता नोव्हेंबरमध्ये रोपवाटिकेतून फुललेली कुंडी आणायची आणि फुले वाळली की टाकून द्यायची, ही सवय वाढत आहे. ती या दृष्टीने घातक आहे.

काश्या आणि छाटकलमे

बहर संपल्यावर, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, झाड जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर छाटावे. काही आठवड्यांत बुंध्याभोवती मातीतून नवे मुळासह धुमारे वर येतात. यांनाच काश्या म्हणतात. जुन्या खोडाचा काष्ठमय भाग टाकून द्यावा आणि बाहेरच्या बाजूच्या टवटवीत, कीडविरहित काश्या वेगळ्या कराव्यात. त्या थेट जागेवर लावण्याऐवजी आधी लहान वाफ्यात किंवा पिशवीत वाढवून एप्रिल-मे महिन्यांत कायमच्या जागी लावणे चांगले. शेतात दोन ओळींत ६० व दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर सामान्यतः ठेवले जाते.

पुण्याचा मे महिना कडक असतो. त्या काळात नवीन रोपांना दुपारची सावली मिळावी. सकाळचे ऊन मिळणारी पूर्वेकडील गच्ची किंवा अंगण याला उत्तम. ज्यांच्याकडे काश्या उरल्या नसतील त्यांनी जून-जुलैत शेंड्याकडील आठ-दहा सेंटिमीटरची छाटकलमे ओलसर वाळूत लावावीत. पावसाळी हवेत ती सहज मुळे धरतात.

माती आणि पाणी

शहरातील अनेक भागांतील काळी चिकण माती पाणी धरून ठेवते. शेवंतीची मुळे उथळ व तंतुमय असतात, आणि पाण्यात दोन-तीन दिवस बुडाली की कुजू लागतात. पुण्याचा वार्षिक पाऊस सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबरात पडतो. म्हणून वाफे गादीसारखे उंच करावेत. कुंडीसाठी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू हे मिश्रण पुरते. कुंडीच्या बुडाचे छिद्र खापरीने झाकावे, बुजवू नये. कुंडीखाली बशी ठेवण्याची हौस पावसाळ्यात आवरावी.

संततधारेत कुंड्या वळचणीखाली घ्याव्यात, मात्र अंधाऱ्या जागी नव्हे. पाणी पानांवर न शिंपता बुडाशी द्यावे. खालची पाने काळी पडून क्रमाने वर वर वाळत जाणे हे बुरशीजन्य ठिपक्यांच्या रोगाचे लक्षण होय. अशी पाने काढून जाळावीत आणि झाडांत वारा खेळेल इतके अंतर ठेवावे. पाने हिरवी असताना झाड अकस्मात माना टाकू लागले तर तो मर रोग असू शकतो. असे झाड मातीसह काढावे आणि त्याच्या काश्या कोणालाही देऊ नयेत. कोवळ्या शेंड्यांवर दाटणारा काळपट मावा थोडा असताना पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन जातो. वाढल्यास निंबोळी अर्क फवारतात.

खुडणी

लावणीनंतर चार आठवड्यांनी मुख्य शेंडा खुडतात. त्यामुळे बगलफुटी वाढून झाड डेरेदार होते. नव्या फांद्या वाढल्यावर दुसरी खुडणी करता येते, परंतु ती ऑगस्ट संपण्यापूर्वी उरकावी. पुढे खुडल्यास शेंड्याबरोबर कळ्याही जातात. प्रदर्शनासाठी मोठे फूल हवे असल्यास याच्या उलट करतात: एका फांदीवर एकच कळी राखून बाजूच्या सर्व कळ्या काढतात. हारासाठी अर्थातच पुष्कळ फुले हवीत, म्हणून घरच्या झाडाला खुडणीच योग्य. भरलेल्या फांद्यांना काठीचा आधार द्यावा. कळ्यांवर रंग दिसू लागल्यावर नत्रयुक्त खत थांबवावे.

प्रकाश आणि बहर

शेवंती ही लघुदिवसी वनस्पती आहे. दिवस लहान आणि रात्र सलग मोठी झाली की तिला कळ्या धरतात. गार्नर व ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये वनस्पतींच्या या दिनमान-संवेदनेचे विवेचन प्रसिद्ध केले. पुढे रशियातील चैलाख्यान यांनी शेवंतीवरच प्रयोग करून दिनमानाची जाणीव शेंड्याला नव्हे, तर पानांना होते असे दाखविले आणि पानांतून शेंड्याकडे जाणाऱ्या कल्पित द्रव्यास ‘फ्लोरिजन’ हे नाव दिले.

पुण्यात जूनमधील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास व डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. पावसाळा सरताना रात्री लांबत जातात आणि ऑक्टोबरपासून बहर सुरू होतो. रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी झाडाच्या दृष्टीने मोठी रात्र मोडते. पॉलिहाउसमधील शेतकरी याचाच उपयोग करून दिव्यांनी बहर लांबवतात, तर काळ्या कापडाने झाकून तो अलीकडे आणतात.

शहरातील घरगुती बागेला हेच तत्त्व नडते. रस्त्यावरचा प्रखर दिवा, सोसायटीच्या आवारातील रात्रभर जळणारा झोत किंवा सज्जातला दिवा यांच्या थेट उजेडात ठेवलेले झाड उत्तम वाढते, हिरवेगार दिसते आणि कळी मात्र धरत नाही किंवा फार उशिरा धरते. अशा वेळी लोक खते बदलत राहतात. कुंडी ऑगस्टअखेर काळोख असणाऱ्या बाजूला हलविणे हा त्यावरचा साधा आणि बिनखर्ची उपाय आहे. जमिनीतले झाड हलवता येत नाही; म्हणून जागा निवडतानाच रात्री तेथे उभे राहून पाहावे.

बाजार

गौरी-गणपतीपासून मागणी सुरू होऊन दसरा-दिवाळीत ती शिगेला पोहोचते. मार्गशीर्षातील गुरुवारांच्या पूजांमुळे ती हिवाळ्यातही टिकते. फुले पूर्ण उमलल्यावर सकाळी लवकर तोडून गुलटेकडी येथील मार्केट यार्डाच्या फुलबाजारात येतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोळनेर व पारनेर भागांतही शेवंती मोठ्या प्रमाणावर पिकते. परतीचा पाऊस नेमका तोडणीच्या दिवसांत आला तर पाकळ्यांत पाणी शिरून फुले काळवंडतात. बाजारात भिजलेल्या आणि कोरड्या मालाचे दर वेगळे लागतात, आणि वर्षभराची मेहनत एका रात्रीच्या सरीने निम्म्या मोलाची होऊ शकते. त्यात कृत्रिम फुलांच्या माळांची भर पडली आहे.

हौशी बागाईतदारांसाठी कोरेगाव पार्कजवळील एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते. हे उद्यान चालविणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० मध्ये स्थापन झाली.

साम्य असलेल्या वनस्पती

सिंहगडाच्या उतारांवर ऑगस्ट-सप्टेंबरात पिवळा गालिचा पसरवणारी सोनकी ही त्याच कुलातील असली तरी एकवर्षायू रानफूल आहे. ती उपटून आणून कुंडीत लावू नये. कीटकनाशक देणारे पायरेथ्रम ही शेवंतीची नातलग, पण वेगळी वनस्पती आहे. दक्षिण आफ्रिकेतील युरीऑप्स पेक्टिनेटस हे पिवळ्या डेझीसारख्या फुलांचे सदाहरित झुडूप सौम्य हवेच्या देशांतील बागांत लोकप्रिय आहे. ते हिवाळी पावसाच्या प्रदेशातले असल्याने, आपल्याकडे लावल्यास पावसाळ्यातील निचऱ्याची काळजी त्याला शेवंतीहूनही अधिक घ्यावी लागेल.

शेवंतीची पाने व फुले सतत हाताळल्याने काहींच्या त्वचेवर खाज व पुरळ उठते. तोडणी करणाऱ्यांनी व हार ओवणाऱ्यांनी असा त्रास जाणवल्यास हातमोजे वापरावेत.