स्वयंपाकघरातले हेडफोन
हेडफोनची केबल घरी सोल्डर करणे हा रिकामटेकड्यांचा चाळा, असे म्हणणाऱ्यांनी जरा मागे पाहावे. १९१० च्या सुमारास युटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविनने आपले हेडफोन घराच्या स्वयंपाकघरातच बनवले, आणि अमेरिकी नौदलाने ते विकत घेतले. आज स्टुडिओत दिसणारी जाड पिनही टेलिफोन एक्सचेंजमधून आलेली, एकोणिसाव्या शतकातली.

बाल्डविनची ती गरज होती, आजची घरची सोल्डरिंग ही चैन आहे, हा आक्षेप निम्माच खरा. तांब्याऐवजी चांदीची तार घातल्याने दीड मीटरच्या केबलमध्ये आवाज उजळतो, हे मलाही पटत नाही. रोधातला फरक फारच किरकोळ असतो. पण केबल बहुधा तुटते ती पिनच्या मानेशी, वाकून वाकून. तेवढ्यासाठी चांगला हेडफोन भंगारात काढणे हीच खरी उधळपट्टी. सोल्डरिंग येणाऱ्याचे काम नव्या पिनेवर भागते.