तीन तारा, एक सूर

पियानोचा इतिहास वाचायला घेतला की सगळा भर लोखंडावर असतो. १८२५ साली बॉस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं, मग पोलादी तारा आल्या, ताण वाढत गेला. आजच्या ग्रँड पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण वीस टनांच्या घरात जातो. हे सगळं भारदस्त आहेच. पण मला जास्त कुतूहल वाटतं ते एका बारीकशा कटकटीचं: एका स्वराच्या तिन्ही तारा एका पातळीत ठेवायच्या कशा?

मधल्या आणि वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात. तंबोऱ्याची जोडी आठवा. तिथे बोट एकेक तार छेडतं, इथे एकच हातोडी खालून तिन्हींवर एकदम आदळते. एखादी तार केसभर जरी वर राहिली, तरी तिला मार उशिरा आणि हलका बसतो. तारा सुरात लावलेल्या असूनही आवाज फाटतो!

गंमत अशी, की खालून बसणाऱ्या या माराचा विचार पियानोच्या जनकानेच केला होता. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने १७२०च्या दशकातल्या आपल्या पियानोंत खुंट्यांची फळी उलटी बसवली. तारा फळीच्या खालच्या अंगाला आल्या, त्यामुळे हातोडीचा मार त्यांना आधारावरून उचलण्याऐवजी आधारावर आणखी दाबून बसवू लागला. १८०८ मध्ये पॅरिसच्या सेबास्तियाँ एरारने दुसरा उपाय काढला, अग्राफ. म्हणजे भोकं पाडलेला छोटासा पितळी खुंट. तार भोकातून ओवली की तिची उंचीही ठरली आणि शेजारणीपासूनचं अंतरही.

इथे प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण पोलादी तार ताठ. ती वेटोळ्यातून येते आणि तो बाक अंगात धरून ठेवते. अग्राफपाशी किंवा घोडीच्या खिळ्यांपाशी ती काटकोनी न वळता किंचित फुगून वळते. म्हणून नव्या तारा चढवल्यावर कारागीर वळणापाशी तार हलकेच दाबून किंवा आकड्याने जराशी उचलून सरळ करतो. मग हातोडी वर नेऊन तारांना अलगद टेकवून धरतो आणि एकेक तार छेडून बघतो. जी मोकळी वाजते तिला हातोडी टेकलेली नाही! हातोडीचा नमदा घासायचा तो यानंतर. आधी घासला तर वाकड्या तारांना वाकडी हातोडी जुळवल्यासारखं होतं.

नवी तार काही काळ ताणतच राहते, त्यामुळे पियानो पुन्हापुन्हा सुरात लावावा लागतो आणि तारांची पातळीही पुन्हा तपासावी लागते. चौकटीचं पेटंट निघालं, अग्राफला नाव मिळालं. हे शेवटचं काम मात्र आजही कुणा अनाम कारागिराच्या बोटांवर आणि कानावर सोपवलेलं आहे. ते नीट झालं तर ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याला एकच सूर ऐकू येतो.

असो. पुढच्या वेळी पियानो ऐकाल तेव्हा या तिघी आठवल्या तर बरं वाटेल.